घोडेगावचा उजवा कोपरा

नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की जेऊर मागे पडतं आणि इमामपूरचा घाट उतरायला लागतो. घाट लहानच, पण पाऊस वेळेवर झाला असेल तर भाद्रपदात त्याचे उतार हिरवेगार असतात आणि कडेला सीताफळांच्या पाट्या मांडून बाया बसलेल्या असतात. मग पांढरीचा पूल, आणि सपाटीला लागल्यावर घोडेगाव. शनिशिंगणापूरला जाणारे बहुतेक लोक इथे फक्त वळतात. गाडीच्या काचेतून त्यांना कांद्याच्या गोण्या लादलेले ट्रक दिसतात, दोन-चार हॉटेलं दिसतात, आणि त्यांच्यापुरतं गाव संपतं.

मी घोडेगावलाच उतरणार होतो. आमच्या कबड्डी मंडळाचं पुण्यात एक छोटं वसतिगृह आहे. दरवर्षी खेड्यापाड्यांतली मोजकी मुलं-मुली तिथे येतात, जवळच्या शाळेत शिकतात आणि सकाळ-संध्याकाळ मॅटवर खेळतात. ही मुलं हेरायचं काम माझ्याकडे आहे. शालेय स्पर्धांचा हंगाम जवळ आला की मी तालुक्या-तालुक्यांतून फिरतो. नगर जिल्ह्यात पंच म्हणून काम करणाऱ्या एका जुन्या मित्राने फोनवर सांगितलं होतं, "घोडेगावच्या एका शाळेच्या पोरी बघ. पकडी बघण्यासारख्या आहेत. पण आधी त्यांचे सर बघ." त्याचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. खेळाडू सुचवणारे पुष्कळ भेटतात. शिक्षक बघ म्हणणारा क्वचित भेटतो.

या पट्ट्याकडे कबड्डीच्या माणसाचं लक्ष असतंच. नेवाशाहून श्रीरामपूरकडे निघालं की वाटेत टाकळीभान लागतं. अस्लम इनामदार तिथला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, तेव्हापासून भारताच्या पुरुषांनी सुवर्ण कधी सोडलं नव्हतं. २०१८ साली जाकार्तात उपांत्य फेरीत इराणने ते हिसकावलं. ज्यांनी या खेळात आयुष्य घातलं त्यांच्या घरात त्या दिवशी जेवण गेलं नसेल. पाच वर्षांनी हांगझोऊला अंतिम सामन्यात त्याच इराणला ३३-२९ असं हरवून सुवर्ण परत आलं, त्या संघात अस्लम होता. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं नमवून प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो कर्णधार होता. नेवासा-श्रीरामपूरच्या शाळांमधून फिरताना मला त्याचा परिणाम दिसतो. ज्याला विचारावं त्याला चढाईच करायची असते. कोपऱ्यात उभं राहून समोरच्याचा पाय धरायला तयार असलेलं मूल अजूनही शोधावं लागतं.

मी पोहोचलो तो शुक्रवार होता आणि शुक्रवारी घोडेगावचा जनावरांचा बाजार. म्हशींसाठी हा बाजार दूरवर ठाऊक आहे. मुऱ्हा, जाफराबादी, म्हैसाणा अशा नावाच्या म्हशी, त्यांचे धनी, दलाल, टेम्पोवाले, चहावाले यांच्या गर्दीतून वाट काढत मी शाळेकडे चाललो होतो. एक वयस्क व्यापारी म्हशीचा खालचा ओठ ओढून दात पाहत होता. जनावराचं वय दातांवरून कळतं. आमच्याकडे ते कागदावरून ठरतं, आणि खेळातली निम्मी भांडणं त्या कागदापाशी होतात. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. संघटनेच्या किशोर गटाला १६ वर्षं आणि ५५ किलो अशी दुहेरी अट. बाराव्या-तेराव्या वर्षी एका वर्षाचा फरक म्हणजे हातभर उंचीचा फरक असू शकतो, म्हणून काही ठिकाणी थोराड मुलं लहान गटात घुसवली जातात आणि खऱ्या वयाचं मूल बाकावर बसतं. मी आधार कार्ड बघतो, बोनाफाईड बघतो, पण सगळ्यात आधी शाळेच्या रजिस्टरात पहिलीच्या प्रवेशाची तारीख बघतो. पोराला पहिलीत घालताना कुणाच्या डोक्यात कबड्डी नसते.

शाळेत सरांना मी हे रजिस्टर मागितलं. ते त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.

सर पन्नाशीचे. शाळेत भूगोल शिकवतात आणि खेळाचे तासही घेतात. वेळापत्रकात हे तास थोडेच, त्यामुळे खरं काम शाळा सुटल्यावर. त्यांच्या जोडीला एक ताई आहेत. याच शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी, कधीकाळी जिल्ह्याच्या संघातून खेळलेल्या, लग्न होऊन गावातच राहिलेल्या. घरी शिवणकाम करतात. साडेचार वाजले की मशीन बंद करतात आणि लहान मुलाला कडेवर घेऊन मैदानावर येतात. या कामाचा पगार त्यांना नाही. शाळेच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव नाही. मुली त्यांना ताई म्हणतात आणि सर त्यांना अहोजाहो करतात. एकेकाळच्या विद्यार्थिनीला मैदानावर सर्वांसमोर अहोजाहो करणारा शिक्षक मुलींना बरंच काही शिकवत असतो.

मैदान शाळेच्या मागे आहे. घोडेगावची जमीन काळी. पावसात तिचा चिखल पायाला धरून राहतो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामुळे तिच्यावर तशीच कबड्डी खेळता येत नाही. सरांनी आधी ती खोदून मुरूम भरला, वर चाळलेली तांबडी माती टाकली, पाणी मारून रोलर फिरवला. माती एका माजी विद्यार्थ्याच्या ट्रॅक्टरने आली, चाळायला मुलांचे पालक आले. दर पावसाळ्यानंतर हे पुन्हा थोडंफार करावं लागतं. मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटरचं. मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदानरेषा, तिच्यामागे १ मीटरवर बोनसरेषा. मी टेप लावून पाहिला. रेषा बरोबर होत्या, कोपरे काटकोनात होते, फक्की ताजी होती. मला याचं महत्त्व वाटतं. अंदाजाने आखलेल्या मैदानावर शिकलेला कोपरारक्षक मॅटवर गेला की ऐन पकडीच्या वेळी पाऊल रेषेबाहेर टाकतो, आणि का बाद झालो ते त्याला कळतही नाही.

सराव सुरू झाला. बहुतेक शाळांत पहिल्या पाच मिनिटांतच चढाया सुरू होतात, कारण मुलांना तेच हवं असतं. इथे पहिला अर्धा तास एकही पकड झाली नाही. मुली दोघी-दोघींनी हात धरून साखळी करून उभ्या राहिल्या आणि सर स्वतः चढाई करणाऱ्याच्या जागी आले. ते नुसते चालत होते. डावीकडे गेले की डावी बाजू मागे सरायची आणि उजवी बाजू आत यायची, उजवीकडे गेले की उलट. अंतर कमी-जास्त झालं की सर थांबायचे आणि काही न बोलता उभे राहायचे. कोण चुकलं ते मुलींनीच ओळखायचं. एकदा डावी मध्यरक्षक एक पाऊल पुढे राहिली. शेजारच्या मुलीने तिला "मागं ये गं" असं हळूच सांगितलं, ती आली, मग सर पुन्हा चालायला लागले. मी प्रशिक्षकांची ओरड खूप ऐकलेली आहे. या अर्ध्या तासात मी एकही मोठा आवाज ऐकला नाही, आणि साखळी शेवटी अशी हलत होती की सातजणींचे पाय एकत्र पडत होते.

मग ताईंनी घोट्याची पकड घेतली. मूल मैदानाच्या कडेला वाळूत खेळत होतं. ताईंनी ओढणी कमरेला खोचली आणि गुडघा टेकवून दाखवलं. गुडघा कुठे, खांदा कुठे, दोन्ही हात घोट्याच्या मागे कसे गुंफायचे. पण सगळ्यात जास्त वेळ त्या डोक्यावर बोलल्या. "डोकं बाहेर. डोकं तिच्या गुडघ्यासमोर आलं की दात जातील. पकड सुटली तर सुटू दे, डोकं बाहेर." प्रत्येक मुलीकडून त्यांनी ते संथपणे करून घेतलं, मग थोडं वेगाने, मग पूर्ण वेगाने. ज्या मुलीचं डोकं आत येत होतं तिला त्यांनी पूर्ण वेगाने करूच दिलं नाही. ती हिरमुसली. ताई म्हणाल्या, "सोमवारी." आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

आणि मग सरावाचा सामना सुरू झाला, त्यात मला ती उजवी कोपरारक्षक दिसली.

मुलगी आठवीतली, चौदा वर्षांखालच्या गटातली. बारीक चणीची, पाय लांब, केस दोन वेण्यांत घट्ट बांधलेले. पहिल्या तीन-चार चढायांत तिने काहीच केलं नाही आणि मला ते आवडलं. ती समोरच्या मुलीच्या पायांकडे बघत नव्हती, कमरेकडे बघत होती. चढाई करणारी पायाने हवं तसं फसवू शकते. परत फिरायचं झालं की मात्र तिला आधी कंबर वळवावी लागते. ज्याला हे दिसतं तो पाऊण सेकंद आधी निघतो, आणि पकडीत पाऊण सेकंद पुष्कळ असतो. पाचव्या चढाईला समोरून त्यांच्या गटातली चांगली चढाईपटू आली, बोनसरेषेवर पाय टाकायला गेली, मागचा पाय हवेत ठेवून वळली. कोपऱ्यातली ही मुलगी त्या क्षणी शेजारच्या मध्यरक्षकाचं नाव ओरडली आणि मगच झेपावली. आधी हाक, मग झेप. घोटा हातात आला तोवर मध्यरक्षक कमरेला भिडली होती. पकड झाली. डोकं बाहेर होतं.

थोड्या वेळाने ती बाद झाली. माझं खरं पाहणं तेव्हा सुरू होतं. बाद झालेला खेळाडू बाहेर बसल्यावर काय करतो, ते मी सगळ्यात लक्षपूर्वक बघतो. काही मुलं मान खाली घालून मातीत रेघोट्या ओढतात, काही पंचांशी हुज्जत घालतात. ही मुलगी मांडी घालून बसली आणि चढाईचे सेकंद मोजायला लागली. चढाईला तीस सेकंद असतात. "वीस झाले... शेवटचे दहा... हलू नका, ती येतीय." तिच्या संघात तिघी उरल्या होत्या. तीन किंवा त्याहून कमी रक्षक असताना पकड झाली तर एक गुण जास्त मिळतो. तिघींनी घाई केली नाही, दम संपत आलेली चढाईपटू मध्यरेषेकडे निघाली आणि तिथे धरली गेली. दोन गुण मिळाले आणि ही मुलगी जिवंत होऊन परत आली. माझ्या वहीत मी त्या संध्याकाळी तिचे गुण लिहिले नाहीत. बाहेर बसून तिने काय काय सांगितलं ते लिहिलं.

शारीरिक चाचण्या मी दुसऱ्या दिवशी घ्याव्यात, असं सरांनी सुचवलं. क्रीडा प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी ज्या चाचण्या होतात त्यातल्या काही मी वापरतो. ३० मीटर धावणं, १० मीटरच्या सहा फेऱ्यांची शटल रन, उभी लांब उडी, लवचिकता. मला त्या लगेच उरकायच्या होत्या. सर म्हणाले, "दमलेल्या पायांनी उडी मारायला लावू नका. गुडघा जातो आणि तुमच्या आकड्यालाही अर्थ राहत नाही." ते बरोबर होतं, आणि पाहुण्यासमोर ते त्यांनी संकोच न करता सांगितलं.

संध्याकाळी त्यांनी त्यांची वही दाखवली. जाड पुठ्ठ्याची, हिशेबाला वापरतात तशी. प्रत्येक मुलाला एक पान. दर सोमवारचं वजन, दर तिमाहीची उंची, दुखापत, आईचा फोन नंबर. गैरहजेरीच्या दिवसापुढे कारण लिहिलेलं. 'कांदा निवडणे.' 'रोप लावणी.' 'धाकट्या भावाला सांभाळणे.' 'आई-वडील ऊसतोडीला, आजीकडे राहते.' या शेवटच्या कारणाची पानं बघून मी थांबलो. दसऱ्या-दिवाळीनंतर कारखाने पेटतात, बीड-पाथर्डीकडची कुटुंबं कोयता घेऊन निघतात, आणि नेमके त्याच दिवसांत शालेय स्पर्धांचे विभागीय आणि राज्य पातळीवरचे सामने असतात. तालुक्याला, जिल्ह्याला खेळलेलं मूल विभागाला नसतं आणि प्रशिक्षकाच्या पत्रकात नुसतं 'अनुपस्थित' लागतं. सरांच्या वहीत ते का अनुपस्थित आहे ते लिहिलेलं होतं. अशा तीन मुलींची त्यांनी आजी-मामांकडे सोय लावलेली होती. त्यातली एक संघाची कर्णधार आहे.

वजनाच्या रकान्यावरून एक जुनी गोष्ट निघाली. जिल्ह्याच्या किशोर गटाच्या निवड चाचणीआधी त्यांचा सर्वात चांगला चढाईपटू ५५ किलोच्या थोडा वर भरत होता. अशा वेळी काय करतात ते या खेळातल्या सगळ्यांना माहीत आहे. पोराला दोन स्वेटर घालून पळवतात, आदल्या दिवशीपासून पाणी तोडतात, थुंकायला लावतात. वजनकाट्यापाशी चक्कर येऊन पडलेली मुलं मी पाहिली आहेत. तेरा-पंधरा वर्षांच्या, वाढीला लागलेल्या शरीरावर हा अत्याचार आहे, आणि तो बंद व्हायला हवा असं मी प्रत्येक बैठकीत बोलत आलो आहे. सरांनी त्या मुलाला पाठवलंच नाही. त्याला सांगितलं, तू वाढतोयस, पुढच्या वर्षी मोठ्या गटात खेळ. मुलगा रडला. वडील भांडायला आले. "मग?" मी विचारलं. "मग काय, त्यांना वही दाखवली. सहा महिन्यांत पोरगा किती उंच झाला ते दाखवलं. गप्प बसून बघत राहिले. आता शेतातून येताना मैदानावर थांबून जातात."

कबड्डीच्या इतिहासात आपण संघटकांची नावं घेतो आणि घ्यायलाच हवीत. बुवा साळवींनी हा खेळ बीजिंगपर्यंत नेला, त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जगासमोर कबड्डी खेळून दाखवली. पण घोडेगावसारख्या गावातल्या खेळाच्या शिक्षकाचं काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांचे शिक्षक अंशकालीन धरले आहेत, आणि तेही पट शंभरावर असेल तर. गणिताला पूर्ण वेळ माणूस हवा हे कुणालाही पटतं. मुलाचं शरीर ज्याच्या हातात द्यायचं तो माणूस मात्र अर्धवेळ चालतो. या सरांच्या शाळेत ते भूगोलाच्या जोरावर टिकले आहेत. ते निवृत्त झाले की त्यांच्या जागी खेळाचा माणूस येईलच, याची खात्री मुख्याध्यापकांनाही देता आली नाही. सोळाव्या वर्षी शिकवलेलं पुष्कळसं दुरुस्त करता येतं, पण बाराव्या वर्षी लागलेली चुकीची सवय, डोकं आत घालून केलेली पकड, उपाशीपोटी गाठलेलं वजन हे शरीरात राहून जातं. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती खेळाडू येतो तोवर त्याचा पाया अशाच एखाद्या मैदानावर पक्का झालेला असतो किंवा खचलेला असतो.

शनिवारी शाळा सकाळची होती. मुलांचा संघ मी तेव्हा पाहिला. चढाया झोकदार होत्या. एक उंच मुलगा हनुमान उडी मारून साखळीवरून पलीकडे गेला तेव्हा बघायला जमलेल्या पोरांनी जल्लोष केला. पण त्याला दहावीनंतर पोलीस भरतीची तयारी करायची आहे आणि तो रोज पहाटे १६०० मीटर धावतो, हे त्याने स्वतःच मला स्वच्छ सांगितलं. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हेही त्याला पाठ होतं. त्याला योग्य वाटेवर सोडलं पाहिजे. मी त्याची माहिती एका पोलीस संघाच्या प्रशिक्षकाला कळवायचं कबूल केलं.

दुपारी सरांबरोबर त्या मुलीच्या वस्तीवर गेलो. वाट उसातून होती. कांद्याच्या वखारीसमोर मुलीची आई आणि आजी साठवलेला गावरान कांदा निवडत बसल्या होत्या. एका बाजूला चांगला माल, एका बाजूला गोल्टी, एका बाजूला सडका. मुलगीही दप्तर टाकून त्यांच्यात बसली. तिचे हात विलक्षण वेगाने चालत होते. सरांना पाहून आजीने गोणपाट अंथरलं. "बसा सर. चहा ठिवते."

आजोबांनी थेट विचारलं, "टीव्हीवर तो लिलाव दाखवत्यात. कोटीनं जात्यात म्हणं पोरं. खरंय का?"

खरं आहे, मी म्हणालो. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मिळाले. पण ती लीग पुरुषांची आहे. मुलींसाठी २०१६ साली तीन संघांची एक स्पर्धा झाली, ती पुढे चालली नाही. तुमच्या नातीला कोटी मिळतील असं मी सांगणार नाही. मग मी त्यांना २०१२ चं सांगितलं. पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताने अंतिम फेरीत इराणला हरवलं, त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. हेही सांगितलं की रेल्वेत आणि पोलिसांत कबड्डीच्या जोरावर नोकरीला लागलेल्या मुली मी स्वतः ओळखतो, आणि त्या घर चालवतात. आजोबांनी मान हलवली. त्यांना आकड्यापेक्षा शेवटचं वाक्य पटलेलं दिसलं.

आईने इतका वेळ काही विचारलं नव्हतं. हातातला कांदा टोपलीत टाकून त्या म्हणाल्या, "तिकडं ताप आला तर मला फोन कोण करील, दादा?"

वसतिगृहाच्या ताईंचं नाव मी सांगितलं, नंबर दिला, दर रविवारी मुलगी स्वतः फोन करते असं सांगितलं. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मी आधी जाऊन बघून येतो वसतिगृह. मग ठरवू." आईने लगेच पुढचा कांदा उचलला. त्यांच्यापुरता तो विषय तिथे मिटला होता. निर्णय सरांकडे होता, कारण वर्षानुवर्षं तिच्या वजनाची आणि गैरहजेरीची नोंद ठेवणारा माणूस तोच होता.

परतताना सरांनी त्यांच्या अटी सांगितल्या. मुलीला वर्षाच्या मध्ये हलवायचं नाही. आठवीची वार्षिक परीक्षा इथे होईल, मे महिन्यात ती महिनाभर शिबिराला येईल, तिला आणि आम्हाला जमलं तरच दाखला निघेल. मॅटवर एकदम रोज दोन वेळा खेळवायचं नाही. मातीत पाय थोडा सरकतो, मॅटवर बूट रुततो आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. पहिले काही आठवडे दिवसाआड. हे मी आमच्या प्रशिक्षकांनाही पटवून देणार आहे, कारण मोठमोठ्या खेळाडूंचे हंगाम गुडघ्याच्या दुखापतीने वाया गेलेले आपण पाहतो आहोत.

तिसऱ्या अटीवर आमची चर्चा लांबली. ते म्हणाले, "ही एकटी नेऊ नका. तिची मध्यरक्षक पण न्या." मला जागा एकच होती आणि मध्यरक्षक मुलगी उंचीला कमी होती. पण मला आदल्या संध्याकाळची हाक आठवत होती. कोपरा आणि मध्य यांची जोडी वर्षानुवर्षं एकत्र खेळून तयार होते. कोपऱ्याने झेप घेतली आणि मध्य भिडायला आला नाही तर उत्तम कोपराही रोज मार खातो, आणि महिन्या-दोन महिन्यांत झेपावायचं सोडून देतो. नव्या ठिकाणी, अनोळखी मुलींच्या शेजारी उभं करून आपण अशा किती मुलांचा खेळ घालवला असेल, असं सरांनी विचारलं. मी मंडळाच्या कार्यवाहांना घोडेगावच्या स्टँडवरून फोन लावला आणि दोन जागा मागितल्या. शिवाय मे महिन्यातल्या शिबिरासाठी ताईंना मानधन देऊन सहायक प्रशिक्षक म्हणून बोलवावं, असंही सुचवलं. त्यांच्यासारखी घोट्याची पकड शिकवणारी व्यक्ती आमच्याकडे सध्या नाही. कार्यवाह म्हणाले, पत्र पाठवा, बैठकीत ठेवतो. पत्र मी त्याच रात्री लिहिलं. ताईंना विचारलं तेव्हा त्यांनी मुलाला बरोबर आणता येईल का एवढंच विचारलं. येईल.

तालुक्याची स्पर्धा पुढच्या आठवड्यात नेवाशाला आहे. मुलींचा पहिला सामना सकाळीच आहे आणि त्याआधी वजनं घेतली जातील. मी आदल्या रात्री मुक्कामाला जाणार आहे. सामना तर बघायचाच आहे, पण वजनकाट्यावरून उतरल्यावर सामन्याच्या आधी सर आणि ताई त्या बाराजणींना काय खायला देतात, तेही मला लिहून घ्यायचं आहे. आमच्या वसतिगृहात ते तसंच सुरू करता येईल.